‘मुलगा काय करतो?’

त्या बाई आल्या आणि खुर्चीत नीट टेकायच्या आधीच पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मुलाचा लग्नासाठीचा बायोडेटा होता. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, गोत्र, उंची, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल. त्याखाली ‘नोकरी / व्यवसाय’ असा रकाना. तिथे पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. खोडरबर इतक्या वेळा फिरला होता की तेवढ्या जागी कागद पातळ झाला होता.

‘ताई, कुणी विचारलं मुलगा काय करतो, की मी गप्पच होते. तुम्हीच सांगा, इथे काय लिहू?’

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता वरचेवर येतो. शब्द वेगवेगळे असतात. कुणी म्हणतं, मुलगी दिवसभर गाणी टाकत बसते. कुणी म्हणतं, मुलाला समजवा, हे काही पोटापाण्याचं नव्हे. म्हणून ही एक हकिगत लिहिते आहे, त्या मुलाच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा 26 वर्षांचा. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात दोन वर्षं नोकरी केली, महिना 24,000 पगार, आणि मग सोडली. लहानपणी आजोबांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायला बसायचा, पुढे कीबोर्ड शिकला. आता घराच्या माळ्यावर गाद्या टांगून रेकॉर्डिंगची जागा केली होती. स्वतःच लिहायचा, चाल बांधायचा, गायचा. अडीच वर्षांत 11 गाणी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचा, सकाळी चिडलेला असायचा, बापाशी बोलणं बंद.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. दहा मिनिटांतच मी विचारलं, ‘आणि हे नाही जमलं तर? दुसरा काही विचार केला आहेस?’ तो खिडकीकडे बघत म्हणाला, ‘हे बाबांनी आधीच विचारलंय, ताई.’ मग पाऊण तास हो-नाहीच्या पुढे गेला नाही. तो ज्या प्रश्नापासून पळून माझ्याकडे आला होता, तोच मी त्याच्यापुढे ठेवला होता. त्या रात्री मला ते बराच वेळ लागून राहिलं. पुढच्या भेटीत मी तसं त्याला सांगितलं आणि माफी मागितली. तिथून तो बोलायला लागला.

मोबाइल त्याने टेबलावर पालथा ठेवला होता. पण दर तीन-चार मिनिटांनी अंगठा त्याच्याकडे जायचा आणि परत यायचा. मी विचारलं, काय बघायचं असतं? ‘आकडा. काल रात्री 41 होता. सकाळी पण 41.’ नवीन गाणं टाकून आठवडा झाला होता; ते किती वेळा ऐकलं गेलं, त्याचा हा आकडा. एवढं बोलून तो थांबला आणि हळूच म्हणाला, ‘म्हणजे गाणं वाईटच असणार ना.’

पैशाची काळजी घरच्यांना होती. ह्याचं दुखणं वेगळं होतं. पडद्यावरचा आकडा हा आपल्या गाण्याचा निकाल आहे, असं त्याने धरून ठेवलं होतं. तिथे मला थोडं त्याच्या धंद्यातलं समजून घ्यावं लागलं. तो सांगत गेला, मी विचारत गेले. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं स्वतः थेट चढवता येत नाही. मधे एक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी अशा ॲपवर पोहोचवणारा मध्यस्थ, लागतो; तो वर्षाची फी घेतो किंवा मिळकतीतला वाटा. एका प्लेला अमुक पैसे असा ठरलेला भाव नसतो. वर्गणीचे आणि जाहिरातीचे पैसे महिन्याला एका ढिगात जमा होतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढा त्याला. ज्या ढिगात मोठमोठ्या कंपन्यांची सगळी फिल्मी गाणी आहेत, त्याच ढिगात ह्याची 11. शिवाय 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की मागच्या 12 महिन्यांत 1,000 पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला काहीच मिळत नाही. ह्याची नऊ गाणी त्या रेषेच्या खाली होती, म्हणून त्यांच्यासमोर शून्य. यूट्यूबवरच्या जाहिरातीचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास बघणं लागतं, किंवा छोट्या व्हिडिओंचे 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज. ह्याचे सबस्क्रायबर होते 700.

मी त्याला एवढंच विचारलं, ‘हे जे 1,000 आहे, ते तुझी चाल ऐकून कुणी ठरवलं का?’ तो नाही म्हणाला. ‘मग त्या शून्यातून तुझ्या चालीबद्दल काय कळलं?’ बराच वेळ गप्प बसला. मी उत्तर मागितलं नाही.

तिसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. आठ महिन्यांपूर्वी इन्स्टाग्रामवर कुणीतरी त्याला गाठलं होतं: आम्ही तुमचं गाणं लाखो लोकांपर्यंत पोहोचवतो. साठवलेल्यातले 8,000 रुपये त्याने भरले. चार दिवसांत आकडा 20,000 वर गेला. घरात कुणाला न सांगता तो गच्चीवर जाऊन रडला होता, आनंदानं. मग मेल आली की हे ऐकणारे खरे नाहीत, आणि गाणं काढून टाकलं गेलं. ते त्याचं सगळ्यात आवडतं गाणं होतं. तेव्हापासून रात्रीची झोप गेली होती. हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

अशी माणसं फार फिरताहेत, म्हणून गोष्ट सोडून सांगते. जो कुणी पैसे घेऊन ठरावीक प्ले देण्याचं वचन देतो, तो बहुतेक वेळा यंत्राकडून गाणं वाजवून घेतो. ॲपवाल्यांना ते कळतं; गाणं जातं, पैसे अडकतात आणि दंड डिस्ट्रिब्युटरच्या मार्फत गायकाच्या माथी बसू शकतो. मुलांनो, एक रुपयाही देऊ नका. आणि दिलाच असेल तर घरी सांगा.

त्याचा आणखी एक राग होता. तुकोबांचा एक अभंग त्याने लोकांच्या ओळखीच्या चालीत गाऊन टाकला आणि त्यावर एका संगीत कंपनीचा हक्काचा दावा लागला. ‘तुकाराम काय कंपनीचा आहे का?’ अभंग सगळ्यांचाच. पण चाल ज्याने बांधली, त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. हे कळल्यावर त्याचा राग निम्मा झाला. उरलेल्या रागाला मी काम दिलं: तुझ्या स्वतःच्या 11 चालींचं काय? गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था 1969 पासून आहे, आणि 2012 च्या कायदा-दुरुस्तीनंतर तो वाटा गीतकार-संगीतकाराकडून सहीनं काढून घेता येत नाही. अडीच वर्षं रात्रंदिवस आकडे बघणाऱ्या ह्या मुलाने तिथे साधा सभासदत्वाचा अर्जही केलेला नव्हता.

दरम्यान आईशी माझं वेगळं बोलणं झालं. त्यांचा मुलावर राग नव्हताच, त्यांना फक्त एक शब्द हवा होता. मी त्यांना आपल्याच बडोद्याची गोष्ट सांगितली. संस्थानात कलावंत कारखाना नावाचं खातं होतं; गवई, वादक त्यात नेमलेले, पगार आणि नियम ठरलेले. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. फैयाज खाँसाहेब इथले दरबारी गायक. त्या काळी ‘काय करतात?’ याला ‘दरबारात असतात’ एवढं उत्तर पुरायचं. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि खातंही गेलं. गाण्यावर जगणारी माणसं मात्र ह्या गावात आजही आहेत, फक्त त्यांची नावं आता कुणाच्या वहीत नाहीत. बाई म्हणाल्या, ‘वही तर आमच्याकडे आहे.’

ती वही म्हणजे वडिलांची चोपडी. वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ. दूध, पेपर, गॅस, पुतणीच्या लग्नातला आहेर, सगळं त्यात तारखेवार. चौथ्या भेटीला मी तिघांनाही बोलावलं आणि चोपडी घेऊन यायला सांगितलं. मुलाने बँकेच्या नोंदी वाचायच्या, वडिलांनी लिहायचं. आईंना मी मधे बोलू नका म्हणून विनवलं होतं, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं.

वडिलांनी नवं पान काढलं, पट्टीनं दोन रेघा मारल्या. जमा, खर्च.

मुलगा पहिल्यांदा म्हणाला, ‘स्ट्रीमिंग, वर्षाचे 640.’ वडिलांनी लिहिलं. मग तो थांबला. मी म्हटलं, पुढे? ‘पुढचं काही माझ्या गाण्याचं नाही. गरब्याचं वगैरे आहे.’ मी म्हटलं, वाच तू. बडोद्यात नवरात्रीच्या नऊ रात्री कीबोर्डवाला रिकामा बसत नाही. रात्रीचे 4,000 प्रमाणे 36,000. सहा मुलांची शिकवणी, वर्षाचे 72,000. लग्नातल्या संगीताच्या संध्याकाळी, 21,000. गणपतीत दोन मंडळांचे कार्यक्रम आणि एका मिठाईवाल्याच्या जाहिरातीची धून मिळून 10,000. मग त्याने वाचलं, ‘31,500.’

वडिलांचं पेन थांबलं. ‘हे कसले?’

‘मिक्सिंग. आणंदचे एक गरबा गायक आहेत, त्यांची नऊ गाणी. ते गातात, ट्रॅक पाठवतात, मी इथे बसून आवाज बसवून देतो.’

‘रात्री वर तू हे करत असतोस?’

‘कधी कधी.’

वडिलांनी आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे, कुणी न सांगता, ‘ध्वनी-काम’ असं लिहिलं.

मग खर्चाची बाजू. माइक, डिस्ट्रिब्युटरची फी, येण्या-जाण्याचं पेट्रोल. आणि शेवटी त्याने मान खाली घालून ‘8,000, प्रमोशन’ असं वाचलं आणि सगळं सांगून टाकलं. मी त्याला तसं करायला सांगितलेलं नव्हतं. मी वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी 8,000 लिहिले, रेघ मारली, बेरीज केली. खर्च वजा जाता दीड लाखाच्या थोडं वर. जुन्या पगाराच्या निम्म्याहून थोडं जास्त. चष्मा काढून त्यांनी विचारलं, ‘ते काढलेलं गाणं परत चढवता येतं का?’

मुलगा म्हणाला, ‘नव्यानं रेकॉर्ड करून टाकीन.’

‘टाक.’

मी बावीस वर्षं हे काम करते आहे. एवढ्या छोट्या शब्दानं खोलीतली हवा बदललेली फार वेळा बघितली नाही.

इथून पुढे ठरवाठरवी सोपी झाली, कारण ‘हे चालेल का?’ ह्या प्रश्नाला जगात कुणाकडे उत्तर नाही, पण ‘कधीपर्यंत, किती पैशात, आणि कशावरून ठरवायचं?’ ह्याला असतं. पुढच्या-पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत ठरली. घरात महिन्याला 5,000 द्यायचे. हप्त्यावर काही घ्यायचं नाही. मिळकत वर्षभरात दोन लाखांपर्यंत सरकली नाही तर अर्धवेळ नोकरी बघायची, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडानं सांगितलं. प्लेचा आकडा फक्त रविवारी, सकाळी, चहा झाल्यावर. हे शेवटचं सर्वांत जड गेलं. पहिल्या महिन्यात चार वेळा मोडलं, तो येऊन सांगायचा, आम्ही पुन्हा धरायचो.

मी त्याला आणखी एक काम दिलं होतं: त्या 41 पैकी ज्यांनी काही लिहिलं आहे, त्यांना उत्तर दे. सात जण निघाले. त्यांतल्या दोघी बडोद्यातल्याच, एक कारेलीबागेत राहणारी. तिच्या गच्चीवर फेब्रुवारीत त्याने पहिल्यांदा फक्त स्वतःची गाणी गायली. 30 माणसं, सतरंज्या, प्रत्येकी 200 रुपये. काढून टाकलेलं गाणं तिथे त्याने दोनदा म्हटलं, लोकांनी मागितलं म्हणून. 6,000 रुपये रोख, त्याच रात्री. स्ट्रीमिंगच्या हिशोबानं त्याला ही रक्कम नऊ वर्षांची वाटली, आणि गुणाकार त्याने स्वतःच करून दाखवला.

सगळ्यांना मी हेच सांगते असं नाही. मागच्याच वर्षी एका मुलीला नोकरी धरायला सांगितलं. तिला लोकांसमोर उभं राहायचा, शिकवायचा, पैसे मागायचा मनापासून त्रास व्हायचा. तिला फक्त गाणं करायचं होतं. ती आता नोकरी करून शनिवार-रविवारी रेकॉर्ड करते आणि शांत झोपते. गाणं सोडलेलं नाही तिने. ज्याला गाण्याच्या आजूबाजूची दहा कामंही आवडतात, त्याच्याच घरी मी चोपडी उघडायला लावते.

ह्या मुलाची मुदत अजून संपलेली नाही. नवीन गाण्याचा आकडा गेल्या रविवारी 312 होता, असं त्याने सांगितलं, आणि सांगताना आवाज थोडा पडलाच. ते मी त्याच्यापासून लपवलं नाही, आणि त्यानेही लपवलं नाही.

परवा आईंचा फोन आला. बायोडेटा नवा टाइप करून घेतला होता. व्यवसायाच्या रकान्यात ‘संगीतकार’ लिहिलं होतं, आणि वार्षिक उत्पन्न वडिलांनी चोपडी उघडून भरलं होतं. ‘ताई, संगीतकारच्या आधी स्वतंत्र घालू का? जरा बरं दिसेल.’ मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून जिन्याच्या दिशेनं हाक मारली. वर माळ्यावर पेटी वाजत होती, त्याला काही ऐकू गेलं नाही.