हत्यारांची विचारपूस: स्क्रू पान्याच्या चाकीला कुलूप

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात फिटर आहे. कन्व्हेयरच्या फ्रेमवरील १९ मापाचे चाळीस-पन्नास नट दर पाळीला तपासावे लागतात आणि मधूनमधून २४ मापाचेही येतात. शिडीवर एकच हत्यार नेता येत असल्यामुळे मी बारा इंची स्क्रू पाना (चाकी फिरवून जबडा पुढे-मागे करता येणारा पाना) वापरतो. परंतु तीन-चार नटांनंतर तो आपोआप सैल होतो आणि नटाचे कोपरे गोल होऊ लागतात. चाकीवर कानसीने बारा खाचा पाडाव्यात, पान्याच्या अंगात ४ मि.मी.चे भोक पाडावे आणि त्यात स्प्रिंगची खुंटी बसवून चाकी अडवावी, असा माझा विचार आहे. चाकीच्या एका फेऱ्याला जबडा ३ मि.मी. सरकतो, असे मी मोजले आहे. ही जोडणी टिकेल का? – एक फिटर, अंबड

उत्तर : जबडा किती सरकतो हे आपण मोजून कळवलेत ते फार बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ३ मि.मी.मध्येच आहे. परंतु ‘पाना सैल होतो’ या तीन शब्दांत दोन निरनिराळी दुखणी एकत्र आली आहेत. ती आधी वेगळी करू.

पहिले दुखणे चाकी फिरण्याचे आहे. सरकत्या जबड्याच्या खालच्या बाजूस दाते असतात आणि चाकीवरचे मळसूत्र त्या दात्यांत बसलेले असते. या मळसूत्राचा चढ मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे चाकी फिरवली तर जबडा सरकतो, पण जबडा ढकलून चाकी फिरत नाही. म्हणजे नटावर जोर लावलेला असताना चाकी सहसा जागची हलत नाही. ती हलते मधल्या रिकाम्या वेळात : पाना नटावरून काढताना तळहात तिच्यावर घासतो, खिशात ठेवताना कापडात ती अडकते, किंवा चालू यंत्राच्या फ्रेमवर पाना टेकवून ठेवला की थरथरीने ती थोडी थोडी मागे येते. दुसरे दुखणे जबडा डुलण्याचे. जबडा ज्या खोबणीत सरकतो ती खोबण, त्याचे दाते आणि चाकीची पिन ही तिन्ही वर्षानुवर्षे झिजतात. मग चाकी एक केसभरही न फिरता जोर येताच जबड्याचे टोक बाहेर झुकते. चाकीचे कुलूप पहिल्या दुखण्यावर चालते. दुसऱ्यावर त्याचा काडीमात्र उपयोग नाही.

आपल्या पान्याला कोणते दुखणे आहे हे पाळी संपण्यापूर्वी कळू शकते. पाना एका नटावर अंगठ्याने घट्ट बसवा आणि चाकीवरून पान्याच्या अंगावर जाईल अशी मार्करची एक सरळ रेघ ओढा. नेहमीप्रमाणे दहा नट तपासून झाले की रेघ पाहा. ती तुटून दोन तुकडे वेगळे झाले असतील, तर चाकी फिरते आहे. रेघ जशीच्या तशी असूनही पाना घसरत असेल, तर जबडा बोटांच्या चिमटीत धरून हलवून पाहा, आणि पाना नटावर असताना जबड्याच्या टोकाशी फीलर गेजची (फट मोजण्याच्या पातळ पात्यांच्या संचातली) पाती घाला. रेघ जागेवर असताना ०.३ मि.मी.ची पाती सहज आत जात असेल, तर त्या पान्याला कुलूप लावण्यात मी वेळ घालवणार नाही. हे अनुभवाने सांगतो. सातपूरला टूलरूममध्ये असताना मी एका झिजलेल्या पान्याच्या चाकीला मोठ्या हौसेने कुलूप केले होते आणि चाकी आता फिरणार नाही, या भरवशावर दुप्पट जोर लावला होता. चाकी खरोखरच फिरली नाही. जबडा मात्र झुकला, पाना सुटला आणि चार बोटांची सालटी निघाली.

आता आपल्या बारा खाचांकडे येऊ. एका फेऱ्याला ३ मि.मी. आणि एका फेऱ्यात बारा खाचा, म्हणजे एका खाचेला पाव मि.मी. झाला. नट ज्या मापाला नेमका घट्ट बसतो तेथे खाच येईलच असे नाही. ती पुढे-मागे आली तर खुंटी बसवण्यासाठी आपल्याला जबडा थोडा उघडावाच लागेल. म्हणजे सैलपणा घालवण्यासाठी केलेले कुलूपच पाव मि.मी.पर्यंत सैलपणा पदरात टाकेल. पाव मि.मी. ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु १९ मापाच्या षट्कोनी नटावर जबडा पाव मि.मी. जास्त उघडा असेल तर पाना सव्वा अंशाहून थोडा अधिक मोकळा फिरतो, अर्धा मि.मी. असेल तर पावणेतीन अंशांच्या आसपास, आणि एक मि.मी. असेल तर साडेपाच अंशांच्याही पुढे. पाना तेवढा फिरला की जबड्यांचे सपाट तोंड नटाच्या सपाट बाजूवर टेकत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर टेकते. मुठीवर केंद्रापासून २८० मि.मी. अंतरावर आपण २५ किलोचा जोर लावलात, तर त्या दोन कोपऱ्यांपैकी प्रत्येकावर सहाशे किलोच्या वर भार येतो. कोपरे गोल होतात ते यामुळे.

म्हणून माझे मत असे, की कुलूप खाचेचे नसावे, घर्षणाचे असावे. घर्षणाच्या कुलपाला पायऱ्या नसतात. अंगठ्याने चाकी जिथे थांबली तिथेच ती धरली जाते. जोर पेलण्याचे काम मळसूत्र आधीच करीत असल्यामुळे कुलपाला फक्त हाताचा धक्का आणि थरथर एवढेच अडवायचे आहे, त्याला ताकद फारशी लागत नाही. कोणी चुकून कुलूप बंद असताना चाकी फिरवली, तरी घर्षणाचे कुलूप घसरते आणि वाचते. खुंटी मात्र वाकते किंवा मोडते, आणि मोडलेला तुकडा चाकीत अडकला की पाना तिथेच अडतो.

भोक पाडण्याच्या कल्पनेला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. पान्याचे अंग फोर्जिंग करून पाणी दिलेले (तापवून, विझवून कठीण केलेले) पोलाद असते. चाकीच्या खिडकीभोवतीचा भाग मुळातच पोखरलेला, आणि स्थिर जबड्याच्या मुळाशी सर्वांत जास्त ताण येतो; तेथे ४ मि.मी.चे भोक म्हणजे तडा सुरू होण्यास आयती जागा. शिवाय साध्या ड्रिलने ते नीट पडतही नाही, आणि कोणी भोक पाडण्यासाठी तो भाग तापवून मऊ केला तर पान्याचे पाणी उतरते. उंचीवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात असा पाना नसावा.

त्याऐवजी बाहेरून बसणारी एक पट्टी करून पाहावी. स्प्रिंग स्टीलची सुमारे अर्धा मि.मी. जाडीची आणि बोटाच्या रुंदीची पट्टी घ्या. ती पान्याच्या मानेवर, म्हणजे डोक्याच्या लगेच खाली, दोन्ही कडांना कवटाळून बसेल अशी वाकवा, आणि तिचे एक टोक जिभेसारखे पुढे काढा. पट्टी पुढे सरकवली की जीभ चाकीवर दाबून बसली पाहिजे आणि मागे ओढली की चाकी मोकळी झाली पाहिजे. जिभेच्या टोकाखाली पातळ चामड्याचा किंवा रबराचा तुकडा चिकटवल्यास पकड चांगली येते. मी चामडे पसंत करतो, कारण तेलात रबर फुगते. पट्टी सरकवण्याचे काम त्याच हाताच्या अंगठ्याला जमले पाहिजे, कारण शिडीवर दुसरा हात मोकळा नसतो. पट्टीच्या धारा कानसीने मारायला विसरू नका. चाकीच्या दुसऱ्या बाजूला काही बसवू नये. पान्याची जाडी वाढली तर तो अडचणीच्या जागेत जाणार नाही आणि स्क्रू पान्याचा मुख्य फायदाच जाईल.

इतके करूनही एक मर्यादा राहते. पाना नटावर चढवता-उतरवता यावा म्हणून कुलूप लावलेल्या मापात थोडी सूट ठेवावीच लागते. म्हणजे कुलूप माप धरून ठेवते. नट धरणे हे त्याचे काम नाही. पन्नास नट हलक्या हाताने तपासताना कुलूप लावा. एखादा नट खरोखर सैल निघाला आणि तो पुरता आवळायचा असेल, तर कुलूप उघडून अंगठ्याने चाकी घट्ट करा, पाना किंचित हलवून पुन्हा एकदा घट्ट करा, आणि मगच जोर लावा. जोर नेहमी असा लावावा, की ज्या दिशेने पाना फिरतो त्या बाजूला सरकता जबडा राहील. तसे केल्याने मुख्य भार स्थिर जबडा घेतो. आपल्या वर्णनावरून हा नियम आपण पाळत असालच, पण मी पंधरा-पंधरा वर्षे उलटा पाना धरणारे कारागीर पाहिले आहेत.

प्रश्न : मी सातपूर येथे आय.टी.आय.मध्ये फिटर अभ्यासक्रमाला आहे. पकडीत जशी कुलूप लागणारी पकड मिळते, तशी यंत्रणा स्क्रू पान्यात का घालत नाहीत? – एक विद्यार्थी

उत्तर : दोन्ही हत्यारांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. आज आपण वापरतो त्या घडणीच्या स्क्रू पान्याचे पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ साली घेतले. जबडा सरकवून माप जुळवण्याची कल्पना त्यापूर्वीही इंग्लंडमध्ये होती. त्यांनी ती सुधारली. कुलपाची पकड अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या डी विट गावी विल्यम पीटरसन या डेन्मार्कहून आलेल्या लोहाराने काढली. त्यांचे पहिले पेटंट १९२१चे, आणि हँडल मिटताच वस्तू आवळून धरणारी रचना १९२४ची. या पकडीत हँडलमधले सांधे एका सरळ रेषेच्या किंचित पलीकडे गेले की पकड स्वतःहून उघडत नाही. मुठीने थोडा जोर दिला तरी जबड्यावर तो कित्येक पटींनी पोहोचतो.

ही रचना पान्यात घालण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि तसे पाने मिळतातही. अडचण अशी, की त्यासाठी हँडलमध्ये सांधे आणि तरफ बसवावी लागते, हत्यार जाड होते, आणि लांब हँडल ओढताना सांध्यांवर आडवा जोर येतो. स्क्रू पान्याचे हँडल अखंड असते आणि त्याची ताकद त्यातच आहे. गोल झालेला नट काढायचा असेल तर कुलपाची पकड खुशाल वापरा. चांगला नट आवळायला ती वापरू नका, कारण तिच्या जबड्यांचे दाते नटाला चावतात.

प्रश्न : स्क्रू पान्याला कुलूप लावणारी एक जोडणी मी तयार केली आहे. तिचे पेटंट मिळेल का? येत्या महिन्यात ती एका औद्योगिक प्रदर्शनात ठेवण्याचा विचार आहे. – एक लघुउद्योजक, सिन्नर

उत्तर : प्रदर्शनाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. अर्ज करण्यापूर्वी वस्तू लोकांना दाखवली तर तिचे नावीन्य संपले असे धरले जाते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण प्रत्येक औद्योगिक प्रदर्शन तसे अधिसूचित नसते. आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करून तारीख मिळवावी. त्यानंतर बारा महिन्यांत पूर्ण तपशील देता येतो. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात आणि ते घरबसल्या ऑनलाइन भरता येतात.

मिळेल का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३(फ) प्रमाणे माहीत असलेली उपकरणे नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिला, तर त्याला शोध म्हणत नाहीत. चाकी अडवणाऱ्या खुंट्या, चेंडू आणि खटके यांची पेटंटे जगात गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ झाली आहेत. त्यामुळे ‘पान्याला कुलूप’ एवढाच दावा टिकणार नाही. आपल्या जोडणीत जबड्याचा डुलणाराही सैलपणा निघत असेल, किंवा पायऱ्यांविना माप धरले जाऊन एकाच अंगठ्याने सुटत असेल, तर दावा नेमका त्यावर बांधावा. त्याआधी पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत शोधसेवेत आणि परदेशी नोंदींत दोन-तीन संध्याकाळी घालवाव्यात. वकिलाच्या पहिल्या भेटीपेक्षा ते स्वस्त पडते. पेटंट मिळाले तर त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. केवळ बाह्य आकार वेगळा असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी होऊ शकते, पण तिने यंत्रणेला संरक्षण मिळत नाही.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. फवारणीच्या ब्लोअरचे नट काढण्यासाठी ठेवलेल्या स्क्रू पान्याची चाकी अडकून बसते, फिरतच नाही. कुलपाचा पाना घेतला तर हा त्रास कमी होईल का? – एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : आपली अडचण तर नेमकी उलट आहे : इतरांची चाकी नको तेव्हा फिरते, आपली हवी तेव्हा फिरत नाही. कुलपाच्या पान्यात एक स्प्रिंग आणि एक खटका जास्त असतो, म्हणजे गंज धरायला आणखी दोन जागा. बोर्डो मिश्रणातील मोरचूद लोखंड खातो, आणि फवारणीनंतर त्याच हातांनी पाना पेटीत टाकला की चाकीच्या आट्यांत तो साचून राहतो. पाना साध्या पाण्याने धुऊन पुसावा, चाकी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरवावी आणि तिच्यावर यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. आता अडकलेली चाकी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी लाकडी ठोकळ्याने हलके ठोकून पाहा. ती पकडीने पिळू नका, दाते उडतील. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांत ब्लोअर रोज लागतो, तेव्हा त्याच्यावर नेहमी लागणाऱ्या मापांचे दोन-तीन दुतोंडी पाने ट्रॅक्टरच्या पेटीत वेगळे ठेवावेत. त्यांना ना चाकी, ना कुलूप.