वाचक विचारतात: दोघांना व्हिएतनामसाठी दोन लाख पुरतील का?

प्रश्न : ताई, मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो आहे. पुढच्या मार्चमध्ये आम्ही दोघं व्हिएतनामला जायचं म्हणतोय. टूरवाल्यांनी माणशी 1 लाख 18 हजार सांगितले, वर कर वेगळे. म्हणून आपापलंच जावं असं ठरवलंय. दोघांचे मिळून दोन लाख बाजूला काढले आहेत. अकरा दिवसांत हनोई, सापा, हालाँग बे, ह्वे, होई आन, हो चि मिन्ह सिटी आणि फू क्वॉक बेट बसवायचं आहे. दोघंही शाकाहारी, मला बीपीची गोळी चालू आहे. पैसे पुरतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सर, दोन लाखांत तुम्ही दोघं व्यवस्थित जाऊन याल. फक्त सात ठिकाणं होणार नाहीत, आणि तुमचे पैसे मोडतील ते तिथेच.

मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत हिशेब बघितले. निवृत्तीनंतर आम्ही दोघं आपापलेच फिरतो. प्रत्येक सहलीला एक दोनशेपानी वही असते. 2024 च्या मार्चमधली व्हिएतनामची वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे. तिच्यात खोली, जेवण, चहापाणी यांचे आकडे रोज थोडेफार सारखेच आहेत. एकदम उडी दिसते ती गाव बदललं त्या दिवशी. स्टेशनपर्यंत टॅक्सी, तिकीट, सामानाचे पैसे, वाटेत मिळेल ते महागाचं खाणं, आणि वर अर्धा दिवस वाया. दोघांना विमानाने गाव बदलायचं तर आठ-दहा हजार सहज जातात. तुमच्या यादीत असं सहा वेळा होतं.

सापा काढा. हनोईहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात आणि मार्चमध्ये तिथे धुकं बरंच असतं. फू क्वॉकही काढा. समुद्र हवा असेल तर होई आनपासून चार-पाच किलोमीटरवर आन बांगचा किनारा आहे, सायकलवरही जाता येतं. दक्षिणेकडचं हो चि मिन्ह सिटी पुढच्या खेपेला. उरलं ते असं : तीन रात्री हनोई, त्यातल्या एका दिवशी हालाँग बे, एक रात्र ह्वेच्या गाडीत, दोन रात्री ह्वे, तीन होई आन, आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र पुन्हा हनोई. ह्वेहून दा नांगला (होई आनसाठी तिथेच उतरायचं) मात्र बसने जाऊ नका. रेल्वेने शंभरेक किलोमीटरला अडीच-तीन तास लागतात, पण हाय व्हान घाटात गाडी समुद्राला इतकी लगटून जाते की खंडाळ्याचा घाट आठवतो, फक्त दरीच्या जागी पाणी.

आता आकडे. वहीची तीन पानं करा. पहिल्या पानावर घरी बसून रुपयांत भरायचं ते. मुंबई–हनोई जाऊन-येऊन, प्रत्येकी वीस किलोची बॅग धरून, दोघांचे 52 हजार. स्वस्त तिकिटात नुसती सात किलोची हातातली बॅग असते, म्हणून बॅगेचे पैसे तिकीट काढतानाच भरा, काउंटरवर ते फार महाग पडतात. व्हिसाचे साडेचार हजार, विम्याचे पाच, रेल्वेच्या दोन्ही प्रवासांचे आठ, दा नांग–हनोई विमानाचे आठ. हे झाले साडेसत्याहत्तर हजार.

दुसरं पान तिथल्या खर्चाचं, आणि ते दिवसावरून मांडायचं. स्वच्छ, एसीवाली, सकाळच्या नाश्त्यासह खोली आम्हाला सरासरी 2,200 ला पडली. नऊ रात्रींचे 19,800. दोघांचं दोन वेळचं जेवण, कॉफी, पाण्याच्या बाटल्या आणि गावातली गाडी मिळून दिवसाला 2,300, म्हणजे अकरा दिवसांचे 25,300. हालाँगची दिवसाची बोट दोघांना आठ हजार. प्रवेश तिकिटांना साडेपाच हजार. ह्वेच्या राजवाड्याला माणशी दोन लाख डाँग (तिथलं चलन) होते, होई आनच्या जुन्या गावाला एक लाख वीस हजार. हे आधी माहीत नसलं की दारात उभं राहून मन खट्टू होतं. सिमकार्ड आणि घरापासून मुंबईचं जाणं-येणं साडेपाच हजार. दोन्ही पानांची बेरीज 1 लाख 41 हजार 600.

हे 2024 चे आकडे. त्यावर पंधरा टक्के चढवा, म्हणजे साधारण 1 लाख 63 हजार. तिसऱ्या पानावर 25 हजार लिहा, ते मोडायचे नाहीत. आजारपण, चुकलेलं विमान, एवढ्यासाठीच ते. दहा हजार नातवंडांच्या आणि शेजाऱ्यांच्या वस्तूंना. बेरीज दोन लाखांच्या आत बसते. टूरवाल्यांनी जे कर सांगितले, त्यात जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, दोन्ही असणार. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, जीएसटी गेला तो गेला. तुम्ही तिकिटं आणि खोल्या सुट्या काढल्यात तर पॅकेजवरच्या या दोन्ही गोष्टी येत नाहीत.

व्हिसाबद्दल थांबून सांगते, कारण इथे माझ्या मावसबहिणीचे पैसे गेले. एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा माणशी 25 डॉलरला असतो आणि 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असा संपतो. हुबेहूब तसंच दिसणाऱ्या एका खासगी स्थळावर तिने फॉर्म भरला आणि जवळजवळ तिप्पट पैसे मोजले. फी परत मिळत नाही. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. आपल्याकडे मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बहुधा ‘गिव्हन नेम’मध्येच छापलेलं असतं. ते गाळलंत तर विमानतळावर व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत.

खाण्याची काळजी करू नका, पण एक शब्द पाठ करून जा : ‘चाय’. म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी. पाटीवर तो शब्द दिसला की आत शिरा. नुसतं ‘मांस नको’ म्हणालात तर भाजीत माशाचा रस, न्वॉक माम, येतोच. त्यांना तो मिठासारखा. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक स्वतःच शाकाहार करतात. 24 मार्चला इकडे होळी पेटत होती आणि आम्ही ह्वेच्या एका गल्लीत प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून भात, टोफू, फणसाची भाजी खात होतो. फणस म्हणजे अगदी आपली कुयरीच. आजूबाजूला सगळे गावातलेच, बहुतेक देवळातून आलेले. दोघांचे मिळून एक लाख डाँगही झाले नाहीत. हनोईची एग कॉफी तुम्हाला चालणार नाही, खरंच अंडं असतं. नारळाची कॉफी मागा.

लाखांचे आकडे ऐकून दचकू नका. एक लाख डाँग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे. भीती आहे ती निळ्या नोटांची. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा. हनोईच्या होआन किएम तळ्याकाठी संध्याकाळी मी एका बाईकडून कापलेला अननस घेतला आणि वीस हजार म्हणून पाच लाख दिले. ती बाई टोपलं खाली ठेवून माझ्यामागे आली. एका हातात माझी नोट, दुसऱ्या हातात तिच्या एप्रनमधली वीस हजाराची. दोन्ही नोटा माझ्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी धरल्या, शून्यांवर बोट ठेवून मोजून दाखवले आणि माझी मला परत दिली. त्या रात्रीपासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात, ह्यांच्या आतल्या खिशात. रोज सकाळी त्या दिवसाचे पैसे मोजून माझ्या पर्समध्ये. रात्री झोपण्याआधी खर्च वहीत. तुम्हीही असंच करा, आणि वही एकानेच लिहा.

कार्ड दोन न्या, वेगवेगळ्या बँकांची, वेगवेगळ्या बॅगांत. बऱ्याच कार्डांवर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. लाखाला 4,130 रुपये. निघण्याआधी बँकेत जाऊन आपल्या कार्डाचा दर विचारा. एटीएमच्या पडद्यावर ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं आलं तर नाही म्हणा, डाँगमध्येच घ्या. रूपांतराचा दर त्यांचा असतो आणि तो महागच पडतो. आपलं यूपीआय तिथल्या टपरीवर चालेल असं धरून जाऊ नका.

बीपी विम्याच्या फॉर्मवर लिहाच. चारशे-पाचशे रुपये जास्त भरावे लागतील म्हणून लपवलंत आणि तिथे दवाखान्यात जायची वेळ आली, तर दावा नाकारायला कंपनीला तेवढंच पुरतं. गोळ्या आठवड्याच्या जास्तीच्या, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

प्रश्न : ताई, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. युरोपच्या व्हिसासाठी बँक स्टेटमेंट लागतं. आमच्या खात्यात 90 हजारच आहेत. मामा महिनाभर तीन लाख आमच्या खात्यात ठेवायला तयार आहेत. चालेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही गं, असं करू नकोस. तुझ्यासारखी कितीतरी मुलं-मुली माझ्या काउंटरवर हाच विचार घेऊन यायची आणि मी प्रत्येकाला थांबवलं. व्हिसा अधिकारी शेवटची शिल्लक बघत नाही, मागच्या महिन्यांची रांग बघतो. दर महिन्याला 45 हजार पगार येतो आणि मध्येच एकदम तीन लाख उगवतात, हे कोणाच्याही डोळ्यात भरतं. पैसे कुठून आले हे सांगता आलं नाही तर अर्ज नाकारला जातो आणि पुढे बऱ्याच देशांच्या फॉर्मवर तो नकार लिहावा लागतो.

शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाची, फी जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो आहे. नकार आला तरी परत मिळत नाही, आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वर वेगळा. किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमाही सक्तीचा आहे. तेव्हा सहल सहा महिने पुढे ढकला. दोघांच्या पगारातून महिन्याला तीस-पस्तीस हजारांची रिकरिंग सुरू करा. ती वाढत जाणारी शिल्लक तुमचीच असेल आणि कोणीही विचारलं तरी सांगता येईल. तोवर देश दोनच ठरवा. ज्या देशात रात्री जास्त, अर्ज त्याच देशाकडे.

मामांना खरोखरच खर्च उचलायचा असेल तर तोही रस्ता आहे. पैसे त्यांच्याच खात्यात राहू देत. त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट, त्यांचे आयकर रिटर्न आणि तुमचं नातं दाखवणारे कागद अर्जाला जोडा. पत्रात रक्कम स्पष्ट लिहायला सांग, आणि खाली त्यांची सही बँकेत आहे तशीच असू दे.