द्राक्षबाग, खानावळ आणि अनुदान: खान्देशातल्या वाचकांची प्रश्नोत्तरे

आमच्या साक्री तालुक्यात दोन एकर द्राक्ष लावायचे आहे. फुंडकर योजनेतून १०० टक्के अनुदान मिळते म्हणतात. ठिबक आत्ताच घेऊन ठेवू का?

भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत आंबा, पेरू, डाळिंब, लिंबू, सीताफळ अशी पिके आहेत. द्राक्ष त्या यादीत नाही. तेव्हा तो हिशेब वहीतून काढून टाका. ठिबक मात्र मिळते. केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेचे अनुदान आणि राज्याची भर मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. अल्पभूधारक ठरताना दोन एकर नव्हे, आठ-अ या खातेउताऱ्यावरचे तुमचे एकूण क्षेत्र मोजतात. ते दोन हेक्टरच्या आत हवे.

पण ठिबक आत्ता घेऊ नका. आधी शेतकरी ओळख क्रमांक, मग महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की प्रकरण तिथेच बसते. दुकानदार "नंतर बघू" म्हणतो, पण बघायला तो येत नाही. दुसरी अडचण सामाईक सातबाऱ्याची: भावांचे संमतिपत्र नसेल तर अर्ज परत येतो. तिसरी बँकेची. खाते आधारशी जोडलेले हवे आणि आधार व सातबारा यांवरचे नाव सारखे हवे. आणि ८० टक्के म्हणजे तुमच्या बिलाचे नव्हे, शासनाने ठरवलेल्या खर्च मर्यादेचे. मर्यादा १ लाख आणि बिल १ लाख २० हजार असेल तर हातात ८० हजारच येतील. त्या जागेवर एकदा ठिबकचा लाभ घेतला की पुढची सात वर्षे तिथे पुन्हा मिळत नाही, म्हणून नळ्यांमधले अंतर द्राक्षाच्या ओळींप्रमाणे पहिल्याच खेपेला ठरवा.

लागवड ९ बाय ५ फुटांवर केली तर एकरी साधारण ९६८ वेली बसतात. जंगली खुंट (मुळांसाठीची काटक वेल) फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून पावसाळ्याअखेरीस त्यावर द्राक्षाचे कलम भरतात, म्हणजे ठिबकचा अर्ज दिवाळीच्या सुमारास गेलेला बरा. पाणी क्षारट असेल तर डॉगरिज जातीचा खुंट तग धरतो. भारी काळ्या जमिनीत तो नुसता पाला वाढवतो, तिथे ११०-आर हा खुंट पाहा. खरा खर्च मांडवाचा, म्हणजे अँगल, तार आणि मजुरी यांचा. ठिबकच्या अनुदानात यातला रुपयाही धरत नाहीत. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाचे अनुदान मोठ्या बागांसाठी आहे, दोन एकरांची बाग त्यात बसत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचा विचारही यात येतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे ४० ते ६० दिवस सूक्ष्म घडनिर्मितीचे, म्हणजे काडीच्या डोळ्यात पुढचा घड तयार होण्याचे असतात आणि ते नेमके खान्देशच्या मे महिन्यात पडतात. त्या दिवसांत विहिरीला पाणी नसेल तर अनुदान कितीही मिळो, पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घड दिसणार नाहीत.

मुलगी बारावी झाली, शेफ व्हायचे म्हणते. पुण्याच्या एका कॉलेजात थेट प्रवेश मिळतोय. मुलींना फी माफ आहे ना? (अमळनेर)

थेट प्रवेश घेतलात तर नाही. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे, पण ती कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश (कॅप) फेरीतून झाला असेल तरच. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठे यात येत नाहीत. म्हणून राज्याच्या सीईटी सेलची हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. दादरच्या आयएचएमची, म्हणजे केंद्राच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेची वाट वेगळी, एनसीएचएम या राष्ट्रीय परिषदेच्या जेईई परीक्षेतून. तिथे ही सवलत गृहीत धरू नका.

तहसीलचा उत्पन्न दाखला चालू वर्षाचा हवा, ओबीसीसाठी नॉन क्रीमीलेअर हवे. सवलतीचा अर्ज महाडीबीटीवर भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहतो, त्यामुळे कारकुनाकडे एकदा चक्कर टाकाच. वसतिगृह, मेस, शेफ कोट, सुऱ्यांचा संच हे सारे तुमच्याच खिशातून. अल्पभूधारक असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज त्याच पोर्टलवर करा. बरेच पालक तो विसरतात.

एवढा खर्च नको असेल तर दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा फूड प्रॉडक्शन ट्रेड आहे. कामाला लवकर लागायचे असेल तर मला तो जास्त पटतो.

मी धडगावचा, अनुसूचित जमातीचा. मलाही हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करायचा आहे. मदत काय मिळेल?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. चौकशी तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात करा. जात वैधता प्रमाणपत्राचे काम बारावीला असतानाच सुरू करा, त्याला वेळ लागतो.

आम्ही रावेरचा बचत गट. केळी वेफर्स आणि बिबड्या (ज्वारीचे पापड) करतो, सोबत खानावळही काढायची आहे. एकाच योजनेत बसेल का?

नाही. वेफर्स-बिबड्या म्हणजे प्रक्रिया उद्योग, तो पीएमएफएमई या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बसतो. खानावळ बसत नाही. पीएमएफएमईत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे. ६ लाखांचा प्रकल्प धरा: स्वतःचे किमान १० टक्के म्हणजे ६० हजार, बँक ५ लाख ४० हजार, अनुदान २ लाख १० हजार. हे अनुदान लगेच हाती येत नाही. ते बँकेत वेगळे ठेवतात आणि तीन वर्षे खाते नियमित, युनिट चालू राहिले तरच कर्जात वळते होते. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, बांधकामही ३० टक्क्यांपर्यंतच. त्यामुळे शेडवरच सगळा भर दिलेला अहवाल कापला जातो. तळणी, स्लायसर, पॅकिंग मशीन यांची दरपत्रके आधी जमवा. गटातल्या सदस्यांना प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही आहे, पण ते उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत. जिल्ह्याचा संसाधन व्यक्ती अर्ज भरून देतो. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

खानावळीसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहा. पीएमईजीपीत सेवा उद्योगाची मर्यादा २० लाख आहे. ग्रामीण भागात महिलेला ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचा वाटा ५ टक्के लागतो. हा अर्ज गटातल्या एकीच्या नावाने करा. दारू देणारा ढाबा यात चालत नाही. भरीत-भाकरी आणि शेवभाजीला हरकत नाही.