डायडोला सोडून जाणाऱ्या एनियसला व्हर्जिल 'पिउस' का म्हणतो?

तुमचा प्रश्न असा आहे की ज्याने कार्थेजच्या राणीला, डायडोला, वाऱ्यावर सोडलं त्या ट्रॉयच्या वीराला रोमन कवी व्हर्जिल सतत 'पिउस एनियस' (पिउस म्हणजे ज्याच्यात 'पिएतास' आहे तो) का म्हणतो आणि असला माणूस हीरो कसा. मी पहिल्यांदा 'एनीड' हे त्याचं महाकाव्य वाचलं तेव्हा चौथ्या सर्गात पुस्तक मिटूनच ठेवलेलं, इतका राग आला होता.

पण पिएतास म्हणजे नुसती देवभक्ती नाही हो. देव, आईबाप, पोरंबाळं, आपलं गाव, या सगळ्यांचं आपण जे देणं लागतो ते फेडणं म्हणजे पिएतास, आपण पुत्रधर्म म्हणतो ना, त्यातला जो धर्म आहे तो याच्या बराच जवळ जातो.

दुसरा सर्ग बघा. ट्रॉय जळतंय, युद्धात आधीच मेलेला ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर स्वप्नात येऊन सांगतो की पळ आणि शहराचे देव घेऊन जा, तरी एनियसला आधी लढता लढता मरायचंय. मग म्हातारा बाप अँकायसीस खांद्यावर, पोराचा हात हातात, बायको मागून (ती त्या धावपळीत हरवते, परत जाऊन शोधतो तर तिचं भूतच भेटतं). आणि देवांच्या मूर्ती तो स्वतः धरत नाही, बापाकडे देतो, कारण हात रक्ताने भरलेत आणि वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय देवांना शिवायचं नाही. एवढ्या आगीत हे भान!

पुढे देवांच्या आज्ञेने इटलीला निघताना डायडोला तो म्हणतो, इटलीला मी माझ्या मर्जीने जात नाहीये. ती ओळ अर्धीच आहे, इ.स.पू. 19 मध्ये व्हर्जिल वारला तेव्हा काव्य पूर्ण झालेलं नव्हतं, अशा अर्ध्या ओळी त्यात बऱ्याच आहेत, पण मला ही अर्धीच बरोबर वाटते. डायडोची शुद्ध हरपल्यावर दासी तिला उचलून नेतात आणि लगेच पुढे शब्द येतात 'पण पिउस एनियस', म्हणजे तिची समजूत काढायची मनापासून इच्छा आहे तरी जहाजांकडे जातो. व्हर्जिल त्याला दोषातून मोकळा करत नाहीये, पिएतासची किंमत दाखवतोय असं माझं मत.

आणि खरं उत्तर मला दहाव्या सर्गात मिळालं. जखमी बापाला वाचवायला लॉसस नावाचा पोरगा मध्ये पडतो, एनियस ओरडतो की तुझी पिएतासच तुला फसवतेय, तो ऐकत नाही, एनियस त्याला मारतो. मग त्याचा पांढरा पडत चाललेला चेहरा बघून एनियस कळवळतो, आणि नेमकं तिथे व्हर्जिल त्याला एनियस म्हणत नाही, 'अँकायसीसचा मुलगा' म्हणतो, कारण बापासाठी मरणाऱ्या पोरात त्याला स्वतःचीच पिएतास दिसते. मेलेल्याची शस्त्रं लुटायची रीत, पण एनियस लॉससची शस्त्रं त्यालाच ठेवतो आणि लॉससचेच सोबती मागे घुटमळतात म्हणून त्यांना रागावून प्रेत स्वतः उचलतो.