एकाच मोसमाचे ड्रायव्हर आणि अँड्रेटीचं गॅरेज

प्रश्न असा आहे: फॉर्म्युला वनमध्ये एकच मोसम दिसून जे पुन्हा आले नाहीत, ते ड्रायव्हर मुळात कच्चेच होते का? आणि आपला करुण चंढोक त्यांत मोडतो का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. करुण त्यात मोडत नाही. २०१० मध्ये हिस्पानिया संघाकडून त्याने १० शर्यती केल्या, सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीनंतर त्याची गाडी साकोन यामामोतोकडे गेली, आणि २०११ मध्ये लोटसने त्याला जर्मनीत एक शर्यत दिली. म्हणजे ११ शर्यती, पण दोन मोसम. नारायण कार्तिकेयन तर २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून आणि पुढे २०११ व २०१२ मध्ये हिस्पानियाकडून उतरला. दोघेही या यादीबाहेर.

आता पहिला प्रश्न. मी हा खेळ बरीच वर्षं बघतोय आणि माझं ठाम मत आहे की एकाच मोसमाचा निकाल ड्रायव्हरबद्दल फार थोडं सांगतो. तो ज्या सीटवर (म्हणजे ज्या संघाच्या गाडीत) बसला होता तिच्याबद्दल मात्र पुष्कळ सांगतो. याला सगळ्यात चांगलं उदाहरण मायकेल अँड्रेटी. त्याचंच नाव लोक ‘फसलेला ड्रायव्हर’ म्हणून पहिल्यांदा घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मायकेल हा १९७८ च्या जगज्जेत्या मारिओ अँड्रेटीचा मुलगा, आणि स्वतः १९९१ चा ‘कार्ट’ या अमेरिकेतल्या शर्यतमालिकेचा विजेता. १९९३ साठी एफ-वनच्या मॅक्लारेन संघाने त्याला घेतलं. शेजारच्या गाडीत तीन वेळचा जगज्जेता आयर्टन सेना! पहिली शर्यत दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला. क्लचने दगा दिला, सुरुवात हुकली, आणि चार फेऱ्या होतात न होतात तोच डेरेक वॉरविकच्या गाडीवर आदळून काम संपलं. दुसरी ब्राझीलला. सुटल्यासुटल्या पहिल्या वळणावर गेरहार्ड बर्गरच्या फेरारीशी जबर टक्कर, दोघेही बाहेर. तिसरी डॉनिंग्टनला, ओल्या ट्रॅकवर, ११ एप्रिलला. सेनाची ती पहिली फेरी आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात: पाचव्या क्रमांकावर ढकलला गेलेला माणूस शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रॉस्टला एकाच फेरीत मागे टाकून आघाडी घेतो. त्याच फेरीत दुसरी मॅक्लारेन वेंडलिंगरला धडकून बाहेर गेली होती. तिच्यात मायकेल होता. पहिल्या तीन शर्यतींत मिळून त्याच्या जेमतेम चार फेऱ्या झाल्या.

हे वाचून कोणीही म्हणेल की गडी कच्चा होता. पण त्याच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं तेही बघा. कार्टमध्ये शर्यत चालत्या गाड्यांनी सुटते. इथे गाडी जागेवर उभी करून दिवे बघत सुटायचं. त्या वर्षीच्या मॅक्लारेनमध्ये संगणकावर चालणारं सस्पेन्शन होतं, ट्रॅक्शन कंट्रोल होतं, म्हणजे अमेरिकेत अंगवळणी पडलेल्या गाडीपेक्षा हा सगळाच मामला वेगळा. वरून त्याच मोसमात सरावात किती फेऱ्या मारायच्या यावर मर्यादा आली. युरोपातले बरेचसे ट्रॅक त्याने पाहिलेले नव्हते, आणि ते शिकायला ज्या फेऱ्या लागतात त्याच कापल्या गेल्या. सेनाला इंटरलागोस किंवा मोनॅको नव्याने शिकायचं नव्हतं, मायकेलला शिकायचं होतं.

त्याच्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. त्याने पेनसिल्व्हेनियातलं घर सोडलं नाही. शर्यतीला यायचा आणि अटलांटिक ओलांडून परत जायचा. संघाच्या कारखान्यात रोज दिसणारा, इंजिनिअरांबरोबर बसणारा, मिळेल ती चाचणी करणारा माणूस होता मिका हाकिनेन, संघाचा राखीव ड्रायव्हर. माझ्या मते मायकेलचा मोसम ट्रॅकवर जेवढा गेला, तेवढाच या ये-जा करण्याने गेला. नव्या गाडीशी जमवून घ्यायचं तर तिच्याजवळ राहावं लागतं.

तरी बार्सिलोनात पाचवा, मॅग्नी-कूरला सहावा, आणि १२ सप्टेंबरला मोन्झाला तिसरा. १३ शर्यती, ७ गुण, एक पोडियम (पहिल्या तिघांचा मंच). आणि पोडियमच्या त्याच शर्यतीनंतर तो संघ सोडून अमेरिकेला परतला! पुढची शर्यत एस्टोरिलला होती, तिथे हाकिनेनने शर्यतीआधीच्या पात्रता फेरीत थेट सेनाला मागे टाकलं. हा दाखला मायकेलविरुद्ध अजून दिला जातो. मला तो पटत नाही. हाकिनेन त्याआधी लोटसकडून दोन पूर्ण मोसम करून आला होता आणि वर्षभर त्याच मॅक्लारेनची चाचणी करत होता. दोघांची तुलना एकाच पट्टीने करता येत नाही. मोन्झाच्या त्या तिसऱ्या क्रमांकानंतर एकही अमेरिकन ड्रायव्हर एफ-वनच्या पोडियमवर चढलेला नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि हा ‘कच्चा’ माणूस १९९४ मध्ये अमेरिकन मालिकेत परतल्यावर पहिलीच शर्यत, ऑस्ट्रेलियात सर्फर्स पॅराडाइजची, जिंकला. कार्टमधले त्याचे एकूण विजय ४२.

पुढे मायकेल संघमालक झाला, आणि इथून गोष्ट मला फार जवळची वाटते. एफ-वनने एका मोसमात परत पाठवलेले आणखी दोघे त्याच्याच संघात आले.

त्यांतला एक जस्टिन विल्सन. एफ-वनच्या खालच्या पायरीवरच्या एफ-३००० मालिकेचा २००१ चा विजेता, इंग्रज, उंची सहा फूट चार इंच. २००२ मध्येच मिनार्डी संघाला तो बदली ड्रायव्हर म्हणून हवा होता, पण गाडीत मावेना, मग ती संधी अँथनी डेव्हिडसनला मिळाली. २००३ साठी जागा ठरली तर पैसे नव्हते. तेव्हा त्याने आणि त्याच्या माणसांनी चक्क त्याचे स्वतःचे शेअर विकायला काढले. साध्या लोकांनी, शर्यतीच्या चाहत्यांनी, पुढच्या कमाईतल्या वाट्याच्या बोलीवर त्याच्यात पैसे गुंतवले, आणि त्यावर तो मिनार्डीत बसला. एवढ्या लोकांचा विश्वास पाठीशी घेऊन कोणी एफ-वनला आल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

मलेशियाची शर्यत त्याची दुसरी. त्या वर्षीपासून मान आणि डोकं धरून ठेवणारं ‘हान्स’ हे उपकरण सक्तीचं झालं होतं. खांद्यावर बसणारी ती कॉलर शर्यतीत सरकली आणि पट्ट्यांचा दाब भलत्या ठिकाणी आला. सेपांगच्या उकाड्यात तो तसाच फेऱ्या मारत राहिला. हळूहळू हात बधिर झाले, स्टिअरिंग धरवेना, तेव्हा कुठे गाडी पिटमध्ये आणली. त्याला स्वतःहून उतरताही येईना. माणसांनी उचलून बाहेर काढलं. हान्स वाईट म्हणून हे सांगत नाही, त्या उपकरणाने पुढे कितीतरी जीव वाचवलेत. तो माणूस किती ओढून नेत असे ते कळावं म्हणून सांगतोय.

मिनार्डीसारख्या शेवटच्या गाडीतून सुरुवातीलाच चार-पाच गाड्या मागे टाकायची त्याची हातोटी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. मोसमाच्या मध्यावर जॅग्वारने अँटोनियो पिझोनियाला काढून त्याला घेतलं. इंडियानापोलिसला आठवा येऊन त्याने एक गुण मिळवला. २००४ साठी मात्र ती सीट रेड बुलच्या पैशाबरोबर ख्रिश्चन क्लीनला गेली. संपलं. अमेरिकेत तो चॅम्प कारमध्ये लागोपाठ दोनदा, २००६ आणि २००७ मध्ये, मालिकेत दुसरा आला. २००९ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला त्याने डेल कॉइनच्या छोट्या संघाला पहिला विजय मिळवून दिला. २०१५ मध्ये तो अँड्रेटीच्या संघाकडून धावत होता. ऑगस्टमध्ये पोकोनोला दुसऱ्या गाडीच्या अपघातातला तुकडा उडून त्याच्या हेल्मेटवर आला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचे अवयव दान केले गेले, त्यातून सहा जणांचे प्राण वाचले. अशा माणसाला ‘एक मोसम, एक गुण’ या ओळीत बसवलेलं मला बघवत नाही.

दुसरा अलेक्झांडर रॉसी. एफ-३०००ची जागा घेतलेल्या जीपी-टू मालिकेत २०१५ मध्ये तो दुसरा आला. त्याच वर्षी मॅनॉर संघाने त्याला एफ-वनच्या पाच शर्यती दिल्या. ऑस्टिनला घरच्या लोकांसमोर तो बारावा आला, आणि ती मॅनॉर गाडी सगळ्यांत मागे रेंगाळणारी होती हे माहीत असणाऱ्यालाच त्या बाराव्याची किंमत कळेल. २०१६ ला सीट मिळेल असं वाटत होतं. ती गेली इंडोनेशियाच्या रिओ हर्यांतोला.

हर्यांतोला इथे लोक ‘पैसेवाला’ म्हणून मोडीत काढतात. तेही बरोबर नाही. २०१५ च्या त्याच जीपी-टूमध्ये त्याने तीन शर्यती जिंकल्या होत्या आणि तो चौथा आला होता. एफ-वनमध्ये उतरलेला तो पहिला इंडोनेशियन. पण सीट खरोखर पैशावर टेकलेली होती: देशातल्या प्रायोजकांकडून ठरलेली पूर्ण रक्कम संघाकडे पोचली नाही, आणि १२ शर्यतींनंतर बेल्जियमपासून ती गाडी एस्तेबान ओकोनला मिळाली. पुढच्या जानेवारीत मॅनॉर संघच बंद पडला. ज्या सीटसाठी एवढी ओढाताण झाली, ती सीटच उरली नाही.

आता एक तारीख बघा, २९ मे २०१६. दुपारी मोनॅकोत हर्यांतो पंधरावा आला, हा त्याचा एफ-वनमधला सर्वांत चांगला क्रमांक. त्याच दिवशी अटलांटिकपलीकडे १०० वी इंडियानापोलिस ५००, म्हणजे ५०० मैलांची प्रसिद्ध अमेरिकन शर्यत, होती, आणि तिथे रॉसी अँड्रेटी आणि ब्रायन हर्टा यांच्या गाडीत नवखा म्हणून बसला होता. शेवटचं इंधन त्याने १६४ व्या फेरीला घेतलं. उरल्या ३६ फेऱ्या, म्हणजे ९० मैल. बाकीचे आघाडीवीर शेवटी थोडं इंधन घ्यायला एकेक करून आत वळले. रॉसी बाहेरच राहिला. रेडिओवर हर्टा सांगतोय, वेग सोड, आणखी सोड. शेवटच्या फेरीत बाकीच्या गाड्या ताशी २२० मैलांच्या घरात पळतात तिथे हा जेमतेम १८० ने, क्लच दाबून गाडी घरंगळवत रेषा ओलांडून गेला. मागून येणारा सहकारी कार्लोस मुन्योझ साडेचार सेकंदांवर होता. रेषेपुढे गाडीत काही उरलं नव्हतं, ती ओढून विजयमंचाकडे न्यावी लागली. स्वतःच्या हाताने मायकेलला इंडी ५०० कधी जिंकता आली नाही. मालक म्हणून त्याने ती अनेकदा जिंकली, आणि त्यांतली एक एफ-वनच्या अशाच एका परत पाठवलेल्या ड्रायव्हरने जिंकून दिली.

२०२३ मध्ये मायकेलच्या संघाचा एफ-वन प्रवेशाचा अर्ज एफआयए या जागतिक नियामक संस्थेने मान्य केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये एफ-वनच्या व्यावसायिक मालकांनी नाकारला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. जॉर्जो पँतानो, २००४, जॉर्डन: कॅनडाच्या शर्यतीच्या वेळी पैशाचा घोळ झाला म्हणून त्याला बाजूला बसवलं आणि तिथे टिमो ग्लॉकने गुण मिळवले. पँतानो २००८ मध्ये जीपी-टूचा विजेता झाला तरी त्याला कोणी घेतलं नाही, त्याच्या मागे दुसरा आलेला ब्रुनो सेना मात्र एफ-वनला गेला. लुकास डी ग्रासी, २०१०, व्हर्जिन: त्या गाडीची इंधनाची टाकीच इतकी लहान होती की काही शर्यती पूर्ण होणार नाहीत अशी भीती होती आणि मोसमात ती बदलावी लागली. तो नंतर फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या मालिकेचा विजेता झाला आणि २०२३ मध्ये आपल्या मुंबईच्या महिंद्राच्या संघाकडून मेक्सिकोत पोडियमवर आला.

खरोखर तयारी नसलेला माणूस हवा असेल तर युजी इदे. २००६, सुपर अगुरी, चार शर्यती. इमोलाला त्याच्या धडकेने क्रिस्टियन आल्बर्सची गाडी उलटीपालटी झाली आणि एफआयएने त्याचा परवाना काढून घेतला. तो निर्णय योग्यच होता. पण काही महिन्यांत उभा केलेला संघ, २००२ च्या जुन्या अ‍ॅरोजवर बेतलेली गाडी आणि नावापुरती चाचणी, हे त्याच्या पदरात घातलं कोणी, तेही विचारा.

आपल्याकडचं अलीकडचं नाव म्हणजे मुंबईचा जेहान दारूवाला. तो एफ-वनला पोचला नाही, पण फॉर्म्युला ई मध्ये मासेरातीकडून त्याने एकच मोसम केला, २०२३-२४ चा. फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादला घरच्या लोकांसमोर धावायचं होतं. तेलंगणात सरकार बदललं आणि ती शर्यतच रद्द झाली. पुढच्या मोसमासाठी मासेरातीने दोन्ही ड्रायव्हर बदलले.

यादी स्वतः करायची असेल तर दोन गोष्टी सांभाळा. रोलांड रात्सेनबर्गरसारख्यांना त्यात मोजू नका. १९९४ मध्ये पाच शर्यतींच्या करारावर आलेला तो माणूस इमोलाच्या पात्रता फेरीत अपघातात मरण पावला, त्याची कारकीर्द कोणी संपवली नव्हती. आणि १९५० ते १९६० मधली अमेरिकन नावं वेगळी काढा. तेव्हा इंडियानापोलिस ५०० ही जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत धरली जायची, त्यामुळे आयुष्यात युरोपात पाऊल न ठेवलेले कितीतरी ड्रायव्हर कागदावर ‘एका मोसमाचे’ दिसतात.