मडगावचा ट्यूब ॲम्प घेऊ का?

प्रश्न : दादा, मी वेंगुर्ल्याचा, गिटार वाजवतो, घरी एक छोटा ट्रान्झिस्टरवाला प्रॅक्टिस ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे आणि गणपतीत नि लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर जातो. मडगावचे एक काका जहाजावर नोकरीला होते, त्यांनी अमेरिकेतून आणलेला फेंडर ब्लूज ज्युनियर हा ट्यूब ॲम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, ३८ हजारांना देतायत, ट्यूब नवीन टाकल्यात म्हणतात. बाबा म्हणतात, ‘जुना सामान कित्याक घेतंस?’ मला आवाज जाम आवडलाय पण ट्यूब बदलायचा खर्च झेपेल का याची भीती वाटते. घेऊ का?

उत्तर : मित्रा, आवाज आवडलाय ना, मग अर्धा निर्णय झालाच. ट्यूबची भीती मात्र आधी डोक्यातून काढ. ब्लूज ज्युनियरमध्ये तीन छोट्या १२एएक्स७ आणि दोन ईएल८४ एवढ्याच ट्यूब असतात. छोट्या वर्षानुवर्षं चालतात, ईएल८४ झिजतात, त्या बदलायच्या, आणि त्या आजही स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये बनतात. ईएल८४ आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतही असायची, बंगळुरूची बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ती बनवायची, त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीकडे कुणी जुना रेडिओ मेकॅनिक अजून काम करत असेल तर त्याला हे काम परकं नाही.

मला काळजी वाटतेय ती ‘अमेरिकेतून आणलेला’ या दोन शब्दांची. ॲम्पच्या मागे जिथे मेन कॉर्ड आत जाते तिथे व्होल्टेज छापलेलं असतं, त्याचा फोटो आजच मागव. १२० व्होल्ट ६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावायचा नाही, नशीब असेल तर फ्यूज जाईल नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मरच जळेल. २३० व्होल्ट १२० वर आणणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, ॲम्पवर लिहिलेल्या वॉटच्या निदान दीडपट क्षमतेचा, आणि तिसऱ्या पिनची अर्थिंग पुढे नेणारा. बाजारात दोन पिनवाले स्वस्त मिळतात, ते घेऊच नको. का सांगतो, गिटारच्या तारा केबलमधून थेट ॲम्पच्या चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात, ॲम्पमध्ये काही बिघडलं आणि अर्थिंग नसेल तर करंट तुझ्या बोटांत येतो, दुसरा हात माइकला लागला की छातीतून जातो. पावसाळ्यातली ओली जमीन, मांडवातली घाईघाईत ओढलेली वायर, तिथे अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतल्याशिवाय ॲम्प लावू नको रे, हे मी खरंच कळकळीने सांगतोय.

मडगावला जाशील तेव्हा काकांना आधीच सांग की मी येईपर्यंत चालू करू नका, थंड ॲम्प कसा उठतो ते बघायचंय. मग तासभर वाजव, पाच मिनिटांत काही कळत नाही. गिटार काढून आवाज वाढव, खालच्या सुरात जाड घुमणारा हम येत असेल तर बहुतेक फिल्टर कपॅसिटर (आतली वीज सुरळीत करणारे भाग) सुकलेत, ते बदलता येतात, तेवढे पैसे कमी करून माग. पेन्सिलने छोट्या ट्यूबवर हलकं टिचकी मार, स्पीकरमधून जोरात घंटीसारखा किणकिणाट आला तर ती ट्यूब बदलायची. मागून वाकून बघ, ट्यूब उलट्या लटकलेल्या दिसतात, आत नारिंगी उजेड असतो तो ठीक, काचेवर निळसर झाक दिसली तरी ठीक, पण आतली राखाडी पत्र्याची प्लेटच लाल तापलेली दिसली तर लगेच बंद कर. आणि आपली खारी हवा! सॉकेटच्या पिनांवर हिरवी-पांढरी भुकटी, ट्रान्सफॉर्मरवर गंज, नॉब फिरवताना खरखर. खरखर स्प्रेने जाते, ट्रान्सफॉर्मरचा गंज नाही जात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला जोडलेला) बदललेला असेल तर कोणी, का बदलला ते विचार. स्पीकर न जोडता कुणी ॲम्प वाजवला तर हा जळू शकतो.

१५ वॉट ऐकून कमी वाटेल, पण ट्यूबचे १५ वॉट घरात शेजारी उठवतात आणि मांडवात समोर माइक लावला की झालं. तो १२० वोल्टचा निघाला तर स्टेप-डाउनचा खर्च वजा करून ३३-३४ ला माग, ट्रान्सफॉर्मर स्वच्छ असतील तर घे. काका तासभर वाजवू देत नसतील तर सोडून दे, बाबांनाही बरं वाटेल.

प्रश्न : चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेला एक ट्यूब ॲम्प मित्र फुकट देतोय, सुकवून चालू करू का?

उत्तर : नाही. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये गाळाचं पाणी शिरलेलं असतं, वरून कोरडा दिसला तरी आतून कुजतो. स्पीकरचा कागदी कोनही गेलेला असणार. ट्यूब मात्र बंद काचेच्या, त्यांच्या पिना साफ करून दुसऱ्या ॲम्पमध्ये मेकॅनिककडून तपासून घे. चासी स्वतः उघडू नको, अलीकडे कुणी लावून बघितला असेल तर कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.