समोरच्याचा विमा नाही? आधी त्याची गाडी ठाण्यातून सुटू देऊ नका

प्रश्न : राऊच्या वाटेवर सिग्नलला थांबलेल्या आमच्या कारला मागून मालवाहू पिकअपने ठोकलं. पत्नीच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. कारची डिकी आत गेली. पिकअपचा विमा चार महिन्यांपूर्वी संपलेला. आरसीवरचा मालक म्हणतो, "गाडी मी केव्हाच विकली." चालवणारा म्हणतो, "चाळीस हजार घ्या, राजीनामा करा." आमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. 17 दिवस झाले. काय करावं? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : राजीनाम्यावर (आपल्या इंदूरच्या कोर्टातला राजीनामा म्हणजे तडजोड) सही मुळीच करू नका. आजच ठाण्यात जा आणि पिकअप आवारात उभी आहे का ते डोळ्यांनी पाहून या. भरपाई वसूल होण्याची तुमची सगळ्यात मोठी आशा त्या गाडीतच आहे.

अशा अपघातात जखमी झालेल्याच्या थर्ड पार्टी भरपाईला विमा कंपनीपुरती कमाल रक्कम ठरलेली नसते. म्हणून समोरच्याचा विमा अपुरा पडला असं आपल्याकडे सहसा होत नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. पण विमाच नसेल तर सगळा भार मालकाच्या खिशावर येतो, आणि पिकअपवाल्याच्या नावावर बहुधा त्या पिकअपशिवाय काही नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सर्व राज्यांना सांगितलं आहे की, विमा नसलेल्या गाडीने माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर मालकाने पुरेसं तारण दिल्याशिवाय गाडी सोडू नये. तीन महिन्यांत ते दिलं नाही तर गाडीचा लिलाव करून पैसे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जमा करावेत. प्रत्यक्षात काय होतं? सुपुर्दगीचा (जप्त गाडी मालकाच्या ताब्यात परत देण्याचा) अर्ज येतो, पोलिसांच्या अहवालात विम्याची ओळ कोरी राहते, आणि साध्या जातमुचलक्यावर (पैसे न भरता दिलेल्या लेखी हमीवर) गाडी आठवड्याभरात रस्त्यावर येते. म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर तुमचा स्वतःचा लेखी हरकत-अर्ज हवा. सोबत विमा संपल्याची तारीख दाखवणारी वाहन नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि खर्चाचा अंदाज लावा. जातमुचलका नको, बँक गॅरंटी किंवा मुदत ठेव हवी, असं स्पष्ट मागा.

विमा खरंच संपला होता का हेही कागदावर पक्कं करा. अपघाताच्याच दिवशी घाईने काढलेली पॉलिसी दाखवली गेली तर तारखेबरोबर सुरू होण्याची वेळही वाचा. सकाळी 11 चा अपघात दुपारी 3 ला सुरू झालेल्या पॉलिसीत बसत नाही. उलट विमा चालू आणि फक्त चालकाचं लायसन्स बाद निघालं, तर कंपनीला बहुतेक वेळा आधी तुम्हाला पैसे द्यायला लावून मालकाकडून वसुलीची मुभा दिली जाते. ते तुमच्यासाठी कितीतरी बरं.

एफआयआर वाचा. पहिल्या दिवशीच्या एमएलसीत (पोलिसांसाठीच्या वैद्यकीय तपासणी अहवालात) नुसतं 'सूज व वेदना' लिहिलेलं असतं, कारण एक्स-रे नंतर होतो. मग गुन्हा साध्या दुखापतीचाच राहतो. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. एक्स-रे रिपोर्ट तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या आणि कलम वाढवायला सांगा. विमा नसल्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 146/196 लागलंय का, तेही बघा.

"गाडी विकली" हा बचाव टिकत नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' प्रकरणात ठरवलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली न्यायाधिकरणात करायच्या भरपाईच्या दाव्यात चालक, आरसीवरचा मालक आणि सध्याचा ताबेदार, तिघांनाही प्रतिवादी करा. तुम्ही इंदूरला राहता, त्यामुळे दावा इथेच चालेल. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा, त्यापुढे नेऊ नका. निकालानंतरही पैसे आले नाहीत तर कलम 174 खाली कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

आता तुमची स्वतःची पॉलिसी. अमेरिकेत विमा नसलेल्या चालकाकडून झालेल्या इजेसाठी वेगळं कव्हर मिळतं. तुमच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत त्या नावाचं काही सापडणार नाही. कारची दुरुस्ती मात्र तुमच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागातून होते, मग समोरच्याचा विमा असो वा नसो. कंपनीला अजून कळवलं नसेल तर आजच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका. उशिराचं कारण लेखी द्या. खऱ्या दाव्याला केवळ उशिरापोटी नकार देऊ नये, असं विमा नियामकाचं 2011 चं परिपत्रक आहे. झिरो डेप (घसाऱ्याची कपात टाळणारं जादा कव्हर) नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के कपात होते, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 रुपये स्वतःचे जातात. ही तूट कलम 166 च्या दाव्यात मागा. आणि राजीनामा नको म्हणतो त्याचं आणखी एक कारण इथेच आहे. तुम्ही चालकाला मोकळं केलंत की कंपनीचा त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क बुडतो, आणि तेच कारण पुढे करून ती तुमचा दावा अडवू शकते.

15 लाखांच्या वैयक्तिक अपघात कव्हरवर विसंबू नका. ते मालक-चालकाचं आहे, आणि मृत्यू किंवा हात, पाय, डोळा कायमचा जाण्यासाठी आहे. पत्नीसाठी कलम 164 चा मार्ग आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. तुमच्याच कारच्या विमा कंपनीकडे ते मागता येतील. कंपनी हरकत घेईल, म्हणून पॉलिसीत प्रवाशांची जोखीम कशी लिहिली आहे ते वकिलाला दाखवा. पण 164 ची रक्कम स्वीकारली की 166 चा दावा संपतो. तेव्हा घाई नको, आधी पिकअपमधून किती निघू शकतं ते कळू द्या.

फिजिओथेरपीच्या पावत्या आणि रिक्षाभाडं तारीखवार लिहून ठेवा. मनगट जुळून आल्यावर वळत नसेल तर जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाचा दाखला घ्या. प्लेट पुढे काढावी लागणार असेल, तर तो खर्च सर्जनकडून आत्ताच लिहून घ्या.